साल नसलेल्या ओळी

२०२२ साल. देवानंद तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. साल पहिल्यांदा लिहून टाकलं, कारण तो असता तर पुढचं वाचायच्या आधी त्याने तेच विचारलं असतं. "आबा, कोणतं साल?"

माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचणं मी एसटीच्या पाट्यांवर आणि बियाण्याच्या पिशव्यांवर शिकलो. नात म्हणाली, तुमी सांगा, मी लिहिते. मी म्हणलं, न्हाई. माझ्या माणसाचं मीच लिहिणार, वाकडं तर वाकडं.

आमच्या पुसेगावहून हिंगोलीला जीप जाते. तिच्या मागच्या बाकावर आम्ही तिघं बसायचो: माझी बायको गिरजा, मी आणि देवानंद. गिरजाच्या किडन्या गेलेल्या, त्याच्याही गेलेल्या. दोघांचे वार एकच, सेंटर एकच, खाटा शेजारी शेजारी. दंडात सुई घालून रक्त यंत्रात घ्यायचं, धुवायचं, परत अंगात सोडायचं. तोवर मी दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर. देवानंद बुद्धवाड्यातला, मी धनगरगल्लीतला. गावात आमचं बोलणं राम राम, जय भीम एवढंच होतं. ओळख झाली ती त्या स्टुलावर.

तो पुण्याच्या एका कंपनीत होता. आजार निघाला तसा गावी आला, पण कंपनीने काम काढून घेतलं नाही, लॅपटॉप देऊन घरूनच करायला लावलं. सेंटरला येताना इस्त्रीचा शर्ट घालायचा. बाकीचे पेशंट लुंगीवर, बनियनवर. हा शर्टाची डावी बाही नीट घडी घालून दंडापर्यंत वर घ्यायचा, त्या हातात सुई टोचून घ्यायचा आणि लॅपटॉप पोटावर ठेवून उजव्या हाताने काम सुरू करायचा. डावा हात इतका निश्चल ठेवायचा की नर्स बाकीच्यांना म्हणायची, "हात कसा ठेवायचा ते देवानंदभाऊंचं बघा." ते ऐकलं की त्याची मान जराशी ताठ व्हायची. गर्व होता त्याला. मला गर्वाचा माणूस आवडतो. मीही तसलाच आहे.

ह्या आजारात पाणी बंद. तहान लागली की बाटलीचं झाकण भरायचं आणि तेवढंच तोंडात धरायचं. ही त्याची रीत. गिरजा तहानेने रडकुंडीला यायची, नर्सशी भांडायची. एके दिवशी त्याने आपल्या बाटलीचं निळं झाकण भरून तिच्याकडे केलं. "माय, गिळू नको. जिभेखाली धर अन् माहेरची आठवण कर." तिने केलं. पुढे ती दुसऱ्या कुठल्या झाकणाने पाणी घेईना.

आणि ते साल विचारणं. जीपमध्ये कोणी काही सांगायला लागला की हा मध्येच, "कोणतं साल?" एकदा जवळा बाजारचा एक व्यापारी सांगत होता, त्याच्या भावाची विहीर कशी ढासळली.

"कोणतं साल?"

"आता सालाचं काय करता राव? इहीर ढासळली म्हणलं ना!"

"साल न्हाई सांगितलं तर ती आजून ढासळूनच राहिली म्हणायची."

सगळी जीप हसली. ड्रायव्हर तेव्हापासून त्याला सालवाला म्हणायला लागला. "चला सालवाले, सरका आत."

गिरजाला जन्मसाल नव्हतं. आधार कार्डावर कोणीतरी एक जानेवारी ठोकलेलं. देवानंदने तिला खोदून खोदून विचारलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर तू होतीस का? होते, आईसंगं. फोडायला की खेळायला? पाटी उचलायला. पाटी डोक्यावर की कमरेवर? कमरेवर, डोक्यावर पेलत नव्हती. धाकटा भाऊ झाला होता का? आईच्या पाठीवर होता. असं विचारून विचारून त्याने एक साल काढलं आणि सांगितलं. गिरजा त्या दिवशी जीपमध्ये शेजारच्या बाईला म्हणाली, "मला आता जल्माचं साल हाय." जणू नथ केली तिला कोणी.

मी एकदा विचारलं, "झोपल्या झोपल्या तू नेमकं करतोस तरी काय?"

"टपालाचं काम, आबा. मेल म्हणजे टपालच. ते वाहणारी मशीन असते, सर्व्हर म्हणतात. ती परतेक टपालामागं एक ओळ लिहून ठेवते. कोणी धाडलं, कोणाला, कवा, पोचलं का माघारी आलं."

"अन् आत काय लिहिलं?"

"ते तिला ठाऊक न्हाई. मलाबी न्हाई."

"मग असल्या ओळीचा उपेग काय?"

"भांडण लागलं की उपेग. पण हर मशीन आपल्या मनानं लिहिते. एक तारीख आधी लिहिते, एक मागून. एक येळ विलायतेची धरते, एक आपली. एक तर सालच लिहीत न्हाई, नुसता म्हैना अन् तारीख. मी त्या समद्या ओळी एका नमुन्यात बसवतो. मग तपासणाऱ्याला बराबर दिसतं."

मी मेंढरं राखलेला माणूस. मी म्हणलं, "चार घरची मेंढरं एका वाड्यात बसली तरी ज्याची त्याची खूण असती. कोणाचा कान कापलेला, कोणाच्या पाठीवर गेरू. तू समद्यांला एकच रंग लावून राहिला. डोकी फुटतील."

तो हसला. "रंग वरून लावतो, आबा. कानाची खूण तशीच. मूळ ओळ मी कवाच पुसत न्हाई, बाजूला ठेवून देतो." आणि मग नर्सकडे बघून जरा मोठ्याने, "माझ्या हातातून गेलेली ओळ आजवर माघारी न्हाई आली."

आता जे झालं ते.

त्याची बहीण विमल जवळा बाजारला दिलेली. ती त्याला एक किडनी द्यायला तयार होती. तपासण्या झाल्या, जुळल्या. ऑपरेशन मोठ्या शहरात व्हायचं होतं. रक्त धुणं सरकारी योजनेत होतं, पण ऑपरेशन आणि त्यानंतर जन्मभर घ्यायच्या गोळ्या, हे सगळं त्याच्या कंपनीच्या विम्यावर. देवानंदची बायको संगीता अंगणवाडीत होती. ती मला म्हणायची, "आबा, ह्याच्याहून चांगले दिवस आता येऊन राहिले." उन्हाळ्यात ऑपरेशन धरलं होतं. देवानंद गिरजाला चिडवायचा, "माय, मी अख्खा तांब्या पिऊन दाखवीन तुला. तू बघत बस."

जानेवारीचा पहिला दिवस आमच्या वाराला आला. नर्सने सगळ्यांना हॅपी न्यू इयर केलं. मला म्हणाली तर मी म्हणलं, "कशाचं नवं? पाडवा कुठं झाला?"

देवानंद काम करता करता म्हणाला, "आबा, साल जानेवारीत बदलतं."

"तुझं बदलत आसल. माझं न्हाई."

मग मी त्याला शिरड शहापूरची गोष्ट सांगितली. तरणा होतो तेव्हा तिथल्या एका पाटलाकडे सालगडी होतो. सालगडी म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एका घरी बांधलेला गडी. पाटलाचा पोरगा शहरात शिकून आलेला. त्याचं माझं पटेना. जानेवारी लागला तसा म्हणाला, नवीन वर्ष लागलं, तुझं साल भरलं, नीघ. मी निघालो नाही. रोज सकाळी जायचो, शेण काढायचो, बैलांना पाणी दाखवायचो. कोणी बोलायचं नाही, भाकर द्यायचं नाही. मी घरून बांधून न्यायचो. पाडव्याला गुढी उभारलेली बघितली, चाबूक खुंटीला अडकवला आणि मग निघालो.

"कोणतं साल?" देवानंदने विचारलं.

"तेच तर सांगून राहिलो! कोणाचं साल? पोराचं का माझं? जानेवारीत म्यां जे शेण काढलं ते मागच्या सालाचं. मागच्याच सालाच्या बोलीत. आपला सोसायटीवाला बी मार्च झाल्याबिगर वही मिटवतो का? त्याचा जानेवारी बी जुन्याच सालात."

तो हसत होता. हसता हसता थांबला. लॅपटॉपकडे बघितलं, आणि मग जे त्याने कधी केलं नव्हतं ते केलं. सुईचा हात उचलला. दोन्ही हातांनी लॅपटॉप धरला. यंत्र ओरडायला लागलं, नर्स धावत आली, "देवानंदभाऊ, तुम्ही पण?" त्याने हात खाली ठेवला, पण त्याचं ध्यान तिच्याकडे नव्हतं. मला काही कळलं नाही. मला वाटलं, माझ्या गोष्टीचा मान ठेवला नाही. मीही फुगून बसलो.

पुढच्या वाराला त्याने गिरजाला आणि मला सांगितलं. मी समजलो तेवढं लिहितो.

एका संस्थेचं काम त्याने मागे केलं होतं. तिथे बांधकामाच्या टेंडरची भानगड झाली होती. टेंडर उघडायच्या आधी कोणीतरी आतले भाव ठेकेदाराला फोडले असा संशय होता. जुने मेल उडून गेलेले, नुसत्या ओळी उरलेल्या. त्या ओळींत साल नव्हतं, महिना आणि तारीख होती. साल फाइलच्या नावावर. देवानंदने नावावरचं साल त्या फाइलीतल्या सगळ्या ओळींना लावलं आणि महिन्याप्रमाणे रांगेत बसवल्या. जानेवारी वर, डिसेंबर खाली. त्या रांगेत दिसलं की संस्थेच्या एका कारकून बाईने फेब्रुवारीत ठेकेदाराला मेल केला आहे. टेंडर तर पावसाळ्यात उघडलं होतं. बाई पकडली गेली. ती म्हणत राहिली, काम त्याला मिळाल्यावर सायबांनी सांगितलं म्हणून मी त्याला कागद धाडले. कोणी ऐकलं नाही. तिला घरी बसवलं.

"आबा, ती फाइल एप्रिलला सुरू व्हते," देवानंद म्हणाला. "हिशोबाच्या सालाची फाइल हाय ती. मूळ फाइल परत उघडून बघितली. डिसेंबरच्या खाली जानेवारी, त्याच्या खाली फेब्रुवारी. तो फेब्रुवारी पुढच्या सालातला. बाईचा मेल टेंडरच्या नंतरचा. खरं बोलत व्हती ती. म्यां ओळी ठेवल्या, पण रांग मोडली."

गिरजा म्हणाली, "आजारी व्हतास, लेकरा."

"मी मशीनवर व्हतो, माय. डोकं न्हवतं मशीनवर."

"दुसऱ्या कोणाला कळंल का हे?"

"न्हाई. परत कोण उघडतंय."

"मग गप ऱ्हा," गिरजा म्हणाली. "आधी आपरेशन होऊ दे. मग सांग काय सांगायचं ते. चार म्हैने."

त्याने झाकण भरलं, तिला दिलं. "माय, ती बाई घरी बसून हाय."

मला त्याने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, ते मला आजही सांगता येत नाही. ताठपणा स्वतःपुरता सोपा असतो.

कंपनीच्या सायबाशी तो सेंटरमधूनच फोनवर बोलला. फोन मोठ्या आवाजावर होता, एकच हात मोकळा म्हणून. सायब गोडच बोलत होता. "देवानंदजी, क्लाएंट ने साइन कर दिया है। अब क्यों छेड़ना? आप अपनी तबीयत देखिए।"

"सर, मैंने गलत साल डाला है।"

"किसने पूछा आपसे?"

"मैं ही सबसे पूछता हूँ, सर।"

पुढच्या वाराला पुन्हा तेच बोलणं झालं. सायबाचा आवाज तेवढा गोड राहिला नाही. मग देवानंदने संस्थेला स्वतःच लिहिलं, मूळ फाइल जोडून, खाली आपलं नाव घालून. कंपनीने त्याचं काम थांबवलं. लॅपटॉप परत मागवला. विमा कामाबरोबरच गेला.

संगीता त्या दिवशी सेंटरला आली होती. तिने आरडाओरड केली नाही. त्याच्या खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "मला इचारायचं तरी."

"तू न्हाई म्हणली असती."

"व्हय. म्हणले असते. काहून नको म्हणू?" आणि त्याचे पाय उघडे होते त्यावर चादर ओढून ती बाहेर जाऊन बसली. विमल जवळा बाजारहून आली आणि भावाच्या खाटेला डोकं टेकून रडली. तिची किडनी तिच्यापाशी राहिली. गोळा करू, मागू, असं सगळ्यांनी म्हणून बघितलं, देवानंदनेही अर्ज केले. ऑपरेशन एकदाचं असतं, गोळ्या जन्माच्या.

लॅपटॉप गेल्यावर तो खाटेवर रिकामा पडून राहायचा. इस्त्रीचा शर्ट मात्र सुटला नाही. एकदा छताकडे बघत म्हणाला, "आबा, तुमचं ते पाटलाच्या दारी जाणं मला लई महाग पडलं."

"मी खोटं न्हवतो बोललो."

"न्हाई ना," तो म्हणाला. "तेच तर."

गिरजाने मला घरी आल्यावर विचारलं होतं, तुमच्या तोंडाला त्या दिवशी कुलूप का नाही लागलं. मी माझं साल सांगत होतो. आजही तेच सांगेन. पण जानेवारी लागला की आता मला ते सांगावंसं वाटत नाही.

पाडवा होऊन गेल्यावर, ऊन तापायला लागलेलं असताना, सेंटरला एक बाई आली. चाळिशीची, खांद्याला पर्स, हातात डबा नाही, फळं नाहीत. खाटांमधून नावं वाचत वाचत देवानंदपाशी थांबली.

"तुम्हीच का ते?"

त्याने ओळखलं. उठून बसायला गेला, नर्सने दाबलं. "बसा बाई," तो म्हणाला. मी स्टूल सोडलं.

ती बसली. बराच वेळ त्या यंत्राकडे बघत राहिली. नळीतून रक्त फिरत होतं.

"मला परत घेतलं," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात हजर झाले."

"बरं झालं बाई."

"काही बरं झालं नाही. मी घरी बसले तेव्हा माझे वडील होते. गावात लोक त्यांना विचारायचे, तुमच्या पोरीने किती खाल्ले? ते तसेच गेले. खरं कळायच्या आधी." तिचा आवाज चढला नाही. "मी एवढंच सांगायला आले. तुम्ही आधीच नीट बघायचं होतं."

"व्हय बाई," देवानंद म्हणाला.

मला राग आला. मी तोंड उघडणार, इतक्यात गिरजाने पलीकडून माझं धोतर ओढलं. बाईला नर्सने काय ते सांगितलं असावं, काम गेल्याचं, ऑपरेशनचं, कारण जाताना ती दारात थांबली. मागे वळली नाही, पण थांबली. देवानंदने तेवढ्यात विचारलं, "बाई, तुमचे वडील कोणत्या साली गेले?"

ती वळली. मला वाटलं आता शिव्या देते. तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि सांगितलं. साल, महिना, तारीख. त्याने मान हलवली. मग ती गेली.

त्या परतीला जीपमध्ये तो नुसता बाहेर बघत होता. ड्रायव्हरने दोनदा सालवाले म्हणून हाक दिली, त्याने ओ दिली नाही. मी त्याला म्हणलं, "बास झालं आता. तू तुझं केलं. तिला तिची नोकरी भेटली. आता जिवाला लावून घेऊ नको."

"आबा," तो म्हणाला, "ती एकच फाइल न्हवती म्यां केली."

तो त्याच वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांत गेला. मयताचं मी लिहीत नाही. गिरजा अजून वाराला जाते, निळं झाकण तिच्या पिशवीत असतं. शेजारच्या खाटेवर आता एक मास्तर आहे, भला माणूस आहे, पण डावा हात हलवतो. देवानंद मला नंतरही दिसत राहिला, वाराच्या वाराला, पण यंत्राला जोडलेला. आपल्या घरी, आपल्या ओट्यावर, मोकळा बसलेला असा मी त्याला शेवटचा बघितला तो बाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

सकाळी मी शेळ्या घेऊन निघालो होतो. मुद्दाम बुद्धवाड्यावरून वाट धरली. तो ओट्यावर पाय सोडून बसला होता. आंघोळ झालेली, शर्ट इस्त्रीचा, शेजारी चहाची रिकामी कपबशी. सुईच्या हातात मोबाईल धरला होता, उजव्या हाताचं एकच बोट त्यावर चाललं होतं. संगीता दारात तांदूळ निवडत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि एक खडा बाहेर टाकला.

"काय करून राहिलास?"

"टपाल धाडून राहिलो," तो वर न बघता म्हणाला. "जितकी हापिसं ध्यानात हायेत तितक्यांला. आजवर ज्यांचं ज्यांचं काम केलं त्यांला."

"काय लिहितोस?"

त्याने मोबाईल माझ्याकडे वळवला. उन्हात मला नीट दिसेना. मग त्यानेच वाचून दाखवलं. नाव, गाव, कोणत्या साली तुमचं काम केलं ते, आणि खाली एकच प्रश्न: तुमची फाइल कोणत्या महिन्यात सुरू होते?

माझ्या शेळ्या पुढे जाऊन त्याच्या परसातल्या शेवग्याला लागल्या होत्या. मी त्या हाकलून आलो तोवर त्याने तो मेल धाडला होता आणि दुसऱ्यावर नाव घालत होता.